चांदी किती, डबी किती?

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की देवांची किंवा महाराजांची छबी असलेली चांदीची पदकं घेताना वजन आणि टंच, म्हणजे शुद्धता, बिलावर लिहून घ्या, आणि विकणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा, 'आज संध्याकाळी परत आणलं तर किती द्याल?' त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे.

नव्या वाचकांना माझी ओळख. माझं माहेर हुपरीचं. वडील पैंजण घडवायचे, घरात भट्टीचा आणि तेजाबाचा वास कायम. लग्नानंतर कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चौतीस वर्षं मी टंच काढायचं काम केलं. चांदी विकली नाही, विकत घेतली नाही. लोक जी चांदी घेऊन यायचे, ती खरी किती, एवढंच सांगत राहिले. ते ऐकताना समोरच्याचा चेहरा पडलेला फार वेळा पाहिला, म्हणून हे सदर लिहिते.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. जून २०२३ मध्ये शिवराज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष सुरू झाले तेव्हा वर्तमानपत्रात एका कंपनीची पानभर जाहिरात आली. बारा किल्ल्यांची बारा चांदीची पदके, प्रत्येकी २० ग्रॅम, शुद्धता ९९९, किंमत प्रत्येकी ४,९५० रुपये. फक्त पाच हजार संच निघणार आणि नंतर साचे नष्ट करणार, असे लिहिले होते. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, ही नुसती चांदी नाही, वारसा आहे. दहा वर्षांनी संग्राहक तुम्हाला शोधत येतील, ही गुंतवणूकच समजा." मी ५९,४०० रुपये एकरकमी भरले. सागवानी पेटी आली, क्रमांक घातलेले प्रमाणपत्र आले. २०२५ च्या दिवाळीत नातीच्या फीसाठी संच विकायला काढला. आमच्या नेहमीच्या सराफांनी वजन केले, टंच पाहिला, दोन्ही बरोबर निघाले. पण देऊ केले साडेपस्तीस हजार. पेटी आणि प्रमाणपत्र त्यांनी बाजूला सारले. चांदी एवढी वाढलेली असताना असे कसे? सराफ लुबाडत आहेत की कंपनीने लुबाडले?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सर, सराफांनी तुम्हाला वाजवी भाव सांगितला. तुमच्याकडे २४० ग्रॅम चांदी आहे. दिवाळीच्या सुमारास भाव किलोला दीड लाखाच्या आसपास होता, म्हणजे धातू ३६ हजारांचा. आटणीतली घट म्हणून त्यांनी पाचशे कापले. गुजरीतही यापेक्षा जास्त मिळाले नसते.

आता जून २०२३ कडे जाऊ. त्या महिन्यात चांदी किलोला ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान होती. कंपनीवर अन्याय नको म्हणून वरचा आकडा धरू, ग्रॅमला ७५ रुपये. एका पदकातली चांदी झाली १,५०० रुपयांची, तीन टक्के जीएसटी धरून १,५४५. तुमच्याकडून घेतले ४,९५०. चांदीच्या तिपटीहून जास्त. साच्याची मजुरी, पेटी, पोस्टाचा खर्च हे सगळं खरं आहे, फुकटात कोणी काही घडवत नाही. पण साध्या शिक्क्याची घडणावळ चांदीच्या दुप्पट असल्याचं मी चौतीस वर्षांत ऐकलेलं नाही. त्यातला मोठा हिस्सा त्या पानभर जाहिरातीचा आणि त्या फोनवरच्या गोड बोलण्याचा आहे, आणि तो तुम्हीच भरलात.

सर, हा तोटा रुपयांत मोजू नका, ग्रॅममध्ये मोजा. ५९,४०० रुपयांत त्याच दिवशी, त्याच भावानं, कर भरून साधी लगड घेतली असती तर जवळजवळ ७७० ग्रॅम आली असती. तुमच्या हातात आली २४०. म्हणजे ५३० ग्रॅम चांदी तुम्ही पहिल्याच दिवशी गमावली. ती ७७० ग्रॅम दिवाळीत विकली असती तर सव्वा लाखाला थोडे कमी, एक लाख पंधरा हजार हाती आले असते. चांदी दुप्पट झाली तरी तुमचं मुद्दल निघालं नाही, त्याचं कारण एवढंच. पुढे भाव आणखी चढला आणि एखाद्याचे पैसे सुटले, की तो म्हणतो, 'बघा, कंपनी खरं बोलत होती.' भाव कंपनीनं चढवलेला नसतो. २०२५ सालात चांदी दुपटीहून जास्त वाढली, त्या वाढीखाली असे कितीतरी महागडे सौदे झाकले गेले. ग्रॅम मोजले की ते उघडे पडतात.

'फक्त पाच हजार संच' याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी वाचनाची आवड असलेली माणसं याच शब्दावर विश्वास ठेवतात. एखादी वस्तू मोजकी असणं आणि ती कोणाला तरी हवी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच हजार संच निघाले म्हणजे पाच हजार घरांत तीच पेटी आहे, आणि त्यातली बरीच घरं उद्या विकायलाच निघणार आहेत. त्या पाच हजारांपलीकडचा घेणारा कुठे आहे? छत्रपतींचा सोन्याचा होन आज दुर्मिळ आहे तो कोणी १६७४ मध्ये 'मोजकेच पाडू' असं ठरवलं म्हणून नव्हे. तो चलनात फिरला, झिजला, संकटात आटवला गेला, दागिन्यांत गेला, आणि साडेतीनशे वर्षांनी मोजकेच उरले. ते उरलेले पाहायला आजही अभ्यासक धडपडतात. अशी दुर्मिळता काळ घडवतो. जी दुर्मिळता विक्रीच्या पहिल्याच दिवशी छापून येते, तिची पुन्हा खरेदी करायला छापणारा स्वतः तयार आहे का, हे त्याला विचारावं.

हा धंदा आपल्याकडे नवा वाटतो, पण अमेरिकेत तो साठ वर्षांचा आहे. १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात जोसेफ सेगेल यांनी फ्रँकलिन मिंट नावाची खासगी कंपनी काढली. नावात 'मिंट' असलं तरी ती सरकारी टांकसाळ नव्हती. स्टर्लिंग म्हणजे ९२५ टंचाची पदकं आणि छोट्या लगडी, महिन्याला एक, अल्बमसकट, वर्गणीनं. राष्ट्राध्यक्ष, इतिहास, चित्रकला, हवा तो विषय. लाखो मध्यमवर्गीय घरांनी मुलांच्या शिक्षणाची पुंजी समजून ते संच घेतले. १९७८ च्या नोव्हेंबरात सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' कार्यक्रमानं दाखवलं की ही पदकं विकायला गेलेल्या लोकांना धातूच्या किमतीपलीकडे फारसं काही मिळत नाही. मग टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीचा साठा करत भाव चढवला, जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला, पन्नास डॉलरच्या जवळ गेली, आणि ते जपून ठेवलेले संच ढिगानं भट्टीत गेले. दोन महिन्यांत भाव अकरा डॉलरच्या खाली कोसळला. इतके संच वितळले, उरलेले खरोखर कमी झाले, तरी आजही त्यातल्या बहुतेकांना चांदीच्याच आसपास भाव येतो. कारण विकत घ्यायला कोणी उभं राहिलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फसवणूक झाली का? वजन आणि टंच खरे आहेत, त्यामुळे मालात खोट नाही. खोट 'गुंतवणूक' आणि 'शोधत येतील' या शब्दांत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दाद मागता येते, दंडही दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. पण जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विलंबाचं सबळ कारण असेल तर आयोग ते मान्य करू शकतो, तरी तुम्हाला उगाच आशा लावणार नाही. जाहिरातीचं कात्रण असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. तुमचे पैसे परत आले नाहीत तरी पुढच्या माणसासाठी ती नोंद उपयोगी पडते.

फीची सोय दुसरीकडून होत असेल तर संच रागानं मोडीत घालू नका. चांदी आहे, ती राहील. आणि रायगडाचं पदक एखाद्या दिवशी नातीला द्या. तिला घेऊन गडावर जाल तेव्हा तिच्या हातात काहीतरी असेल.

प्रश्न : मी नाणी जमवते, वय २६. संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं एका व्यापाऱ्याकडे टांकसाळीच्या किमतीच्या अडीचपट भावानं मिळतंय. तो म्हणतो शुद्ध चांदीचं सरकारी नाणं आहे, पाच वर्षांत दहापट होईल. घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सरकारी आहे हे खरं. शुद्ध चांदीचं नाही. २०२३ च्या अधिसूचनेतच लिहिलं आहे : व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. आपल्या बऱ्याच मोठ्या स्मारक नाण्यांचं मिश्रण हेच होतं, आणि त्याची मुळं १९४० मध्ये आहेत. युद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा इंग्रज सरकारनं रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली, ती याच चार धातूंत. त्या व्यापाऱ्याकडून 'शुद्ध चांदी' हे दोन शब्द बिलावर लिहून मागा. तो लिहून देणार नाही.

आणखी एक. अर्धी चांदी असलेलं नाणं मोडीत घातलं तर सराफ साडेसतरा ग्रॅमचे पूर्ण पैसे देत नाही, कारण तांबं-निकेल वेगळं काढायचा खर्च त्याच्या माथी येतो. त्यामुळे धातूचा आधार तुला वाटतो त्याहून कमी आहे.

संग्राहक म्हणून घ्यायचं तर आनंदानं घे, पण टांकसाळीच्या संकेतस्थळावरून, छापील किमतीला. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा, या चारही सरकारी टांकसाळी एकाच सरकारी महामंडळाच्या आहेत. नाण्यावर सालाच्या खाली चौकट ठिपका असेल तर ते मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. ही खूण शोधण्यात जी गंमत आहे ना, ती तुझ्या छंदाची खरी मिळकत. दहापटीचं आश्वासन देणाऱ्याला तो ती दहापट स्वतःच का घेत नाही, हे विचार.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. बाबा साताऱ्याहून कायमचे आमच्याकडे आले आहेत. दिवसभर घरी असतात. टीव्हीवरच्या खरेदीच्या वाहिनीवरून त्यांनी २०२५ च्या वसंतात दहा 'सिल्व्हर ईगल' घेतले, प्रत्येकी १४९ डॉलर. प्लास्टिकच्या पेटीत आहेत, वर 'एमएस ७०' आणि 'फर्स्ट स्ट्राइक' लिहिलंय. सूत्रसंचालक सांगत होता की ही परिपूर्ण नाणी आहेत, पहिल्या ठोक्याची, सरकारची हमी असलेली. बाबांना वाटतं त्यांनी नातवंडांसाठी मोठी ठेव केली. मला भीती वाटते पण त्यांना दुखवायचं नाही. शिवाय आजीचे राणीछाप रुपये साताऱ्याच्या घरी आहेत, ते पुढच्या वेळी इकडे आणायचा त्यांचा विचार आहे.
— तुमची वाचक

उत्तर : तू बाबांना दुखवायचं नाही म्हणतेस, हे वाचून बरं वाटलं. नाणी खोटी नाहीत, हे त्यांना आधी सांग. सिल्व्हर ईगल हे अमेरिकन सरकारचं खरं नाणं आहे, १९८६ पासून निघतं, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ चांदी, दर्शनी किंमत एक डॉलर. आता भावाचं बघ. २०२५ च्या वसंतात चांदी औंसाला बत्तीस-तेहतीस डॉलरच्या घरात होती, आणि त्याच सालचं साधं, पेटीशिवायचं ईगल चाळीस डॉलरच्या आतबाहेर मिळत होतं. दर नाण्यामागे शंभरावर डॉलर गेले ते त्या प्लास्टिकच्या पेटीवरच्या दोन शब्दांना.

ते दोन शब्द समजून घेऊ. एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', न वापरलेलं नाणं. ७० हा विल्यम शेल्डन नावाच्या संशोधकाच्या मापपट्टीतला सर्वांत वरचा आकडा. त्यानं ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या, तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी बनवली. दीडशे वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्यांत कोणतं किती टिकलं हे सांगायला ती उत्तम. १९८६ आणि ८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या दोन कंपन्यांनी काम सुरू केलं, त्या नाण्याला असा अंक देऊन पेटीत बंद करतात. जुन्या नाण्यांच्या बाबतीत त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण कालपरवा यंत्रातून निघालेलं, हात न लागलेलं नाणं ७० असणं यात विशेष काय? २०१५ या एका वर्षात चार कोटी सत्तर लाख ईगल विकले गेले. त्यातली असंख्य निर्दोष असणारच.

'फर्स्ट स्ट्राइक'चा अर्थ पहिला ठोका असा नाहीच. नाणं वर्षाच्या विक्रीच्या सुरुवातीच्या साधारण महिनाभरात पेटीवाल्या कंपनीकडे पोचलं, एवढाच तो शिक्का. कोणतं नाणं साच्याखालून आधी निघालं याची नोंद आपण ठेवत नाही, असं अमेरिकेच्या टांकसाळीनंच सांगितलेलं आहे. आणि 'सरकारची हमी' आहे ती वजनाला आणि शुद्धतेला. १४९ डॉलरला नाही.

तुझ्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात २००४ मध्ये याहून वाईट घडलं. नॅशनल कलेक्टर्स मिंट नावाच्या खासगी कंपनीनं 'फ्रीडम टॉवर सिल्व्हर डॉलर' टीव्हीवर वीस डॉलरला विकायला काढला. चांदी २००१ च्या हल्ल्यात कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्याखालच्या तिजोरीतली आणि नाणं नॉर्दर्न मारियाना बेटांचं अधिकृत, असं सांगितलं. ती बेटं अमेरिकेच्याच अखत्यारीत, त्यांना नाणं पाडायचा अधिकारच नाही. आणि ते 'चांदीचं' नाणं म्हणजे स्वस्त धातूवर चांदीचा अगदी पातळ मुलामा. राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर कोर्टात गेले, विक्री थांबली, पुढच्या वर्षी कंपनीला दंड झाला. आपली माणसं गेली त्या जागेचं नाव घेऊन हे विकलं गेलं. हे आठवलं की आजही माझा संताप होतो. बाबांना ही गोष्ट मात्र सांग, म्हणजे त्यांना कळेल की टीव्हीवरच्या आवाजाला भुललेले ते एकटे नाहीत.

बिल शोधून परतीची मुदत बघ. मुदत संपली असली तरी जे बोललं गेलं ते लिहून न्यू जर्सीच्या ग्राहक विभागाकडे तक्रार कर. आणि पेट्या फोडू नका. विकायचंच झालं तर एक-दोन जागी भाव विचारा, कोणी ७० ला थोडं जास्त देईलही.

आजीच्या रुपयांबद्दल मात्र काटेकोर राहा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर बाबांची बॅग उघडली तर त्यांना फार मनस्ताप होईल. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरियाचे, ती १९०१ मध्ये गेली, म्हणजे तिचा प्रत्येक रुपया शंभरीच्या पलीकडचा. ते साताऱ्यालाच राहू देत, लक्ष्मीपूजनाला तिथेच काढावेत.

प्रश्न : माझ्याकडे जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा रुपया आहे. मोबाइलवर एकानं सात लाख सांगितले, पण आधी रिझर्व्ह बँकेची नोंदणी फी म्हणून २,५०० भरायला सांगतो. पत्रावर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एक पैसा भरू नका, दादा. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँक पडत नाही, फी किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या नावानं ते घ्यायचा अधिकार तिनं कोणाला दिलेला नाही. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये हे स्वतः जाहीर केलं. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याची नक्कलही फार होते. आधी वजन करा. खरा असेल तर ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरेल, झिजेपुरता कमी. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. हलका निघाला तर तिथेच थांबा. वजन बरोबर असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन जुन्या व्यापाऱ्यांना दाखवा, प्रत्येकाला वेगवेगळं.

तुमच्याकडे १९४० ते ४५ चेही रुपये असतील तर ते वेगळे ठेवा. दिसायला तेच, वजन तेच, पण चांदी निम्मी. आणि दिवाळीत रस्त्यावर 'राणीछाप' म्हणून नवे पाडलेले शिक्के मिळतात, त्यांचा टंच मी साठच्या खालीही पाहिला आहे.

प्रश्न : चांदीचं पदक खरं की मुलाम्याचं, हे बाईमाणसाला घरच्या घरी कळेल का? सराफाकडे जायला संकोच वाटतो.
— एक वाचक, कराड

उत्तर : कळेल ताई, आणि ते शिकवायच्या आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

दहा-एक वर्षांपूर्वी एक बाई आठ पदकं घेऊन माझ्याकडे आल्या. नवरा गेलेला, त्यानं हप्त्यानं घेतलेली पदकं, प्रत्येकावर ९९९ कोरलेलं. मी टंचाच्या यंत्राखाली ठेवली, यंत्रानं ९९.८ दाखवलं, मी चिठ्ठी लिहून दिली. चार दिवसांनी सराफानं एक पदक छिन्नीनं कापलं. आत लालभडक तांबं. हे एक्स-रेचं यंत्र धातूच्या अगदी वरच्या पातळ थरापर्यंतच बघतं, आणि या कंपनीनं मुलामा जाड दिला होता. त्या बाई परत आल्या तेव्हा डबीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'शुद्ध ९९९ चांदीचा थर' असं छापलेलं आम्ही दोघींनी मिळून वाचलं. म्हणजे कंपनीनं ९९९ हा आकडा थराबद्दल लिहिला होता, पदकाबद्दल नाही. माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून त्यांनी पैशांची जुळणी केली होती. ती चिठ्ठी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. त्या दिवसापासून यंत्राआधी पाणी.

चांदी जड धातू. एका घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम. तांबं ८.९६, जर्मन सिल्व्हर त्याहून हलकं. वरून कितीही मुलामा द्या, आतलं हे वजन लपत नाही. एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पाचशे-सातशेत मिळतो. आधी पदक कोरडं तोला. समजा २० ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्यानं अर्धा भरलेला काचेचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पदकाला बारीक दोरा बांधा आणि ते हातानं पाण्यात पूर्ण बुडवून धरा. काटा जो आकडा दाखवेल तो पदकाचं आकारमान. अस्सल चांदी असेल तर तो १.९१ च्या आसपास येतो. आत तांबं असेल तर २.२ च्या पुढे. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागलं की उत्तर साडेदहाच्या जवळ यायला हवं. ज्या स्मारक नाण्यांत निम्मं तांबं-निकेल असतं, त्यांना हा हिशेब लावू नका.

लोहचुंबकावर विसंबू नका. लोखंडावर मुलामा असेल तरच तो पकडतो, तांब्याला तोही चिकटत नाही. आणि कंपनीनं स्वतः कोरलेलं ९९९ म्हणजे हॉलमार्क नव्हे. चांदीच्या दागिन्या-वस्तूंवर १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक येऊ लागला आहे. सोन्यासारखी सक्ती तेव्हा नव्हती, पण असेल तर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, 'बीआयएस केअर' ॲपवर तो टाकून बघता येतो. घेताना मागायचा, लाजायचं नाही.

पाण्याची परीक्षा करताना दोन गोष्टी सांभाळा. पदकाला बुडबुडे चिकटलेले नकोत, बोटानं हलकेच निपटून काढा. आणि पदक पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. टेकलं की काटा पदकाचं सगळं वजन दाखवायला लागतो. हात थरथरत असेल तर दोरा एका लाटण्याला बांधा आणि लाटणं दोन डब्यांवर आडवं ठेवा. मी अजून तसंच करते.